ज्याचा ईमेल त्याच्या हातात द्या: सांगली जिल्ह्यातल्या नेट कॅफे, सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) आणि महा-ई-सेवा केंद्रवाल्यांना खुलं पत्र

नमस्कार दादांनो, ताईंनो,

सांगली-मिरज-कुपवाडपासून पार जत-आटपाडीपर्यंत जिथं जिथं "सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील" असा बोर्ड लागलाय त्या सगळ्यांना हे पत्र आहे. माझं विश्रामबागला मोबाईल-लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे. तुमच्याकडनं फॉर्म भरून गेलेली माणसं पुढं कधीतरी माझ्या काउंटरवर येतात, "मेल उघडंना झालाय", "पासवर्ड चुकीचा म्हणतंय", "कोड कुठल्या नंबरवर जातोय तेच कळंना" असं म्हणत, आणि ते मेल उघडायची खटपट करताना जे काही बघायला मिळतं ते तुमच्यापर्यंत पोचवावं असं बरेच दिवस मनात होतं.

मागणी एकच आहे. गिऱ्हाइकाचा ईमेल काढताना त्याला त्याचाच मोबाईल नंबर जोडा, पासवर्ड त्याचा त्याला टाकू द्या, आणि तो पासवर्ड तुमच्या वहीत लिहून ठेवू नका. पुढं जे काही लिहिलंय ते सगळं ह्याच्यासाठीच आहे.

आधी एक सांगतो, तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. जूनमध्ये कॉलेजच्या ॲडमिशनची गर्दी, त्यातच उत्पन्नाचे दाखले, नॉन क्रीमीलेअर, पीएम किसानची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, शेतकऱ्यांची फार्मर आयडी, पोलीस भरती निघाली की पोरं रात्री अकरापर्यंत दारात, आणि सर्व्हर डाऊन झाला की शिव्या तुम्हालाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी घरांतली कपाटंच्या कपाटं भिजली, दाखले, मार्कलिस्टा, जमिनीचे कागद सगळ्याचा लगदा झाला, आणि मग नंतरचे कित्येक महिने लोकांना डुप्लिकेट कागद काढून देत बसला होता तुम्हीच. २०२१ ला परत तेच. त्याच्यानंतर लोक शहाणे झाले, कागदांचे फोटो, पीडीएफ मेलवर टाकून ठेवायला लागले, डिजीलॉकर काढले. म्हणजे आज नदीकाठच्या माणसाची कागदपत्रं पाण्यापासनं वाचली ती ईमेलमध्ये आहेत म्हणून. आणि त्याच ईमेलचा पासवर्ड तुमच्या टेबलावरच्या दोनशे पानी वहीत लिहिलेला असतो, जी वही येणारा जाणारा कुणीबी उलटून बघू शकतो.

ईमेल म्हणजे नुसतं पत्र यायची जागा असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. "आम्हाला कोण मेल करतंय वो" असं म्हणतात. पण जरा बघा, कुठल्याही पोर्टलवर पासवर्ड विसरलो म्हणून दाबलं की नवीन पासवर्ड करायची लिंक कुठं येते? ईमेलवर. फेसबुक असो, इन्स्टा असो, शेअरचं डीमॅट खातं असो, बहुतेक ठिकाणी तीच पद्धत. म्हणजे घरातल्या सगळ्या कपाटांच्या चाव्या ज्या एका डब्यात ठेवल्यात तो डबा म्हणजे ईमेल, त्यामुळं चोराला एकेक कुलूप फोडत बसायची गरजच पडत नाही. शिवाय गुगलचं खातं असेल तर त्याच एका लॉगिनवर फोनचे फोटो, कॉन्टॅक्ट, ड्राइव्हमधल्या फायली, क्रोममध्ये सेव्ह केलेले बाकीचे पासवर्ड, फोन कुठं आहे ते लोकेशनसुद्धा, एवढं सगळं आहे. ज्याच्याकडं हा एक पासवर्ड आहे त्याच्याकडं त्या माणसाचं अख्खं आयुष्य आहे म्हटलं तरी चालेल.

आता नंबरचा विषय, कारण सगळ्यात जास्त नुकसान ह्याच्यात होतं आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. गिऱ्हाईक येतं, त्याच्या फोनची बॅटरी संपलेली असते, किंवा फोन पोराकडं असतो, किंवा रेंज नसते म्हणून ओटीपी येत नाही. मागं आठ जण उभे. मग तुम्ही म्हणता थांबा माझाच नंबर टाकतो, आणि काम पटकन होऊन जातं. त्या वेळी चांगल्याच भावनेनं केलेलं असतं ते, मला मान्य आहे. पण आता त्या खात्याचा मालक गुगलच्या लेखी कोण? तुमचा नंबर. पुढं त्या माणसानं नवीन फोन घेतला, त्यात मेल टाकायला गेला, पासवर्ड आठवंना, रिकव्हरीला गेला की कोड येणार तुमच्या फोनवर.

मागच्या ॲडमिशनच्या वेळची गोष्ट सांगतो. जत तालुक्यातल्या एका गावातली मुलगी, इंजिनिअरिंगला जायचं होतं, वडील तिला घेऊन सकाळच्या एसटीनं आलेले. हातात प्लॅस्टिकची फाइल, फाइलमध्ये सीईटीच्या अर्जाची प्रिंट, आणि प्रिंटच्या डोक्यावर निळ्या पेनानं मेल आयडी आणि पासवर्ड लिहिलेला, तिचं नाव, मग ॲट, मग १२३. तो पासवर्ड चालत नव्हता. कुणी बदलला, कधी बदलला, काही कल्पना नाही. कॅप राउंडची, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी फेरीची, सीट लागली होती आणि ती ॲक्सेप्ट करायला थोडाच वेळ उरलेला. पोर्टलच्या लॉगिनचा पासवर्ड पण नीट लिहिलेला नव्हता आणि तो रिसेट करावा तर लिंक मेलवर जाते, मेलचा कोड जिथं फॉर्म भरला त्या दुकानवाल्याच्या नंबरवर जातो, आणि तो नंबर दुकानवाल्यानं कधीच बंद केला होता. वडील बिचारे माझ्याकडं बघत होते की हा काहीतरी करेल. मी गुगलच्या रिकव्हरीच्या पानावर जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं, गुगलला खात्री पटली नाही, "तुमचं खातं आहे हे आम्हाला पडताळता आलं नाही" एवढंच परत परत येत राहिलं. शेवटी तिला प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर कागद घेऊन पाठवलं, तिथल्या माणसांनी ओळखपत्र बघून पोर्टलचा मोबाईल-ईमेल बदलून दिला आणि सीट वाचली. पण त्या मुलीचा चेहरा जो झाला होता ना दुपारी, तो बघवत नव्हता. तिची ह्यात काय चूक होती सांगा. बारावीचा अभ्यास करून तिनं मार्क मिळवले होते.

आणि नंबर बंद झाला की विषय संपला असं पण नाही. बंद झालेला मोबाईल नंबर कंपन्या किमान ९० दिवस थांबून दुसऱ्या कुणालातरी देतात, ट्राय ह्या टेलिफोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं तशी पद्धत सांगितलेली आहे. म्हणजे तुमच्या त्या जुन्या नंबरवर ज्या ज्या गिऱ्हाइकांचे मेल जोडलेत त्यांचे रिकव्हरीचे कोड उद्या एखाद्या भलत्याच माणसाच्या फोनवर जाणार. तो माणूस चांगला असेल तर काही होणार नाही, नसेल तर त्याला काही हॅकिंग येण्याची सुद्धा गरज नाही, फक्त कोड टाकायचा. आपल्या भागातली तर पद्धतच अशी, रिचार्ज महाग झाला की सिम टाकून द्यायचं आणि नवीन घ्यायचं. त्यामुळं गिऱ्हाइकाचा स्वतःचा नंबर टाकला तरी त्याला एक वाक्य सांगून ठेवा, दादा हा नंबर बदलला तर आधी मेलमध्ये बदला मग सिम टाका.

विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाई कामगारांची, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यांची, घरं तर विचारूच नका. पोरगा सोन्या-चांदीच्या गलाईला कोइमतूरला नाहीतर कोलकात्याला, आईवडील गावाकडं, मेल काढला गावातल्या केंद्रावर तो वडिलांच्या नंबरवर, वापरतो पोरगा तिकडं. रात्री दहाला ओटीपीसाठी फोन, "अप्पा आलेला नंबर सांगा". आणि अप्पांना आता सवय लागलीय की कुणी फोन करून नंबर विचारला की सांगायचा असतो. ही सवय किती घातक आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उद्या कुणीतरी "मी बँकेतनं बोलतोय" म्हणून तोच प्रश्न विचारला की अप्पा तसंच सांगणार.

पासवर्डकडं येतो. नाव, ॲट आणि १२३. नाहीतर मोबाईल नंबरच पासवर्ड. नाहीतर जन्मतारीख. मला अशी फाइल हातात आली की पासवर्ड विचारायचीसुद्धा गरज पडत नाही, नाव बघून मी टाकून बघतो आणि बऱ्याचदा उघडतं. मला जर उघडता येत असेल तर ज्याचा धंदाच तो आहे त्याला किती वेळ लागेल. आणि ते लोक एकेक नाव घेऊन हातानं टाइप करत बसत नाहीत. कुठल्यातरी वेबसाइटचा डेटा फुटतो, त्यात ईमेल आणि पासवर्डच्या जोड्या असतात, त्या जोड्या घेऊन प्रोग्रॅम लावून दुसऱ्या शंभर ठिकाणी आपोआप टाकून बघतात. याहूचा २०१३ सालचा डेटा फुटला होता, त्यात तब्बल ३०० कोटी खाती होती आणि हा पूर्ण आकडा कंपनीनं सांगितला २०१७ ला. म्हणजे खरा आकडा कळायला चार वर्षं लागली. म्हणून तर म्हणतात प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड वेगळा ठेवा, निदान ईमेलचा तरी असा ठेवा जो दुसरीकडं कुठंही वापरलेला नाही. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या माणसानं २०१३ मध्येच एक वेबसाइट काढली, हॅव आय बीन पोन्ड म्हणून, तिच्यावर आपला ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या फुटलेल्या डेटात आहे ते फुकट दिसतं. तुमच्या दुकानाचा मेल टाकून बघा एकदा.

मग पासवर्ड कसला ठेवायचा? कॅपिटल, स्मॉल, आकडा, चिन्ह ह्या नादात लोक परत नाव-ॲट-१२३ वरच येतात, कारण तेवढंच लक्षात राहतं. त्याच्यापेक्षा लांबी महत्त्वाची. अमेरिकेतल्या निस्ट ह्या सरकारी संस्थेनं सुद्धा २०१७ च्या नियमांत हेच सांगितलं की पासवर्ड लांब असू द्या, आणि उगीच दर दोन-तीन महिन्यांनी बदलायला लावू नका, लोक मग सोपेच ठेवतात. आपली मराठी ह्याला एकदम चांगली आहे. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरात सलग टाकायचे, म्हणजे समजा म्हैस, खिडकी, कंडक्टर, फोडणी असं काहीतरी. आजीच्या पण लक्षात राहतं आणि मशीनला पण जड जातं. हे वरचे चार मात्र वापरू नका, आता ते मी लिहून टाकले, गिऱ्हाइकाला त्याचे त्याला सुचू द्या. आणि लक्षात राहत नसेल तर त्यानं त्याच्या घरच्या डायरीत लिहून कपाटात ठेवलं तरी माझी हरकत नाही. परदेशातला हॅकर काही कवठेमहांकाळला येऊन कपाट उघडणार नाही. तुमच्या काउंटरवरच्या वहीत मात्र एका पानावर पंधरा-वीस घरं असतात, आणि ती वही हाताळणारी पोरं दर सीझनला बदलतात.

वहीबद्दल तुमची बाजू मला ऐकून माहीत आहे. एका केंद्रवाल्या ताईंनी मला सरळ सांगितलं, "दादा लोकांनाच नको असतो पासवर्ड, तुमच्याकडंच असू द्या म्हणतात, आणि नाही ठेवला तर परत येऊन आमच्याच नावानं बोंब मारतात." खरंय ते. काउंटरवर "तुम्हीच टाका की वो कायतरी" हे वाक्य मी पण रोज ऐकतो. म्हातारी माणसं घाबरतात, टाइप करायला लाजतात, चुकलं तर फॉर्म रद्द होईल असं वाटतं. पण ताई, ह्याच्यावर उपाय आहे आणि तो तुमच्याकडं आधीच आहे, तुमचा प्रिंटर.

गुगलच्या खात्यात सिक्युरिटीमध्ये जाऊन टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक पडताळणी, चालू केलं की तिथं बॅकअप कोड म्हणून एक पर्याय मिळतो. दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवला, सिम बंद पडलं, ओटीपी येत नाही, तरी पासवर्ड आणि ह्यातला एक कोड टाकून आत जाता येतं. ते पान प्रिंट करायचं, घडी घालायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की हे रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा, कुणाला फोटो पाठवू नका, फोनवर कुणाला वाचून दाखवू नका. बस. ज्या कामासाठी तुम्ही वही ठेवत होता ते काम त्याच्या घरातली डायरी आणि हा कागद करेल, आणि तुमच्यावरची जबाबदारी गेली. ह्या कामाचे वेगळे वीस-तीस रुपये घ्या, अगदी हक्कानं घ्या, बोर्डावर लिहा की ईमेल सुरक्षित करून मिळेल. मला विचाराल तर लॅमिनेशनपेक्षा लाखमोलाचं काम आहे हे. आणि ज्यांच्याकडं बोटाचा ठसा चालणारा फोन आहे त्यांना पासकी करून द्या, मग पासवर्ड टाइप करायची कटकटच राहत नाही, ठसा लावला की उघडलं, आणि खोट्या वेबसाइटवर ती पासकी चालतच नाही त्यामुळं फसायची भीती कमी. पण ती त्यांच्या स्वतःच्या फोनवरच करा, चुकूनसुद्धा दुकानाच्या कॉम्प्युटरवर नको.

दुकानाच्या कॉम्प्युटरचं पण बोलायलाच पाहिजे. गिऱ्हाइकाचा मेल क्रोममध्ये उघडला की क्रोम विचारतं पासवर्ड सेव्ह करू का, आणि घाईत कुणीतरी हो दाबतं. मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी लॉगिनच्या चौकटीत क्लिक केलं की खाली आधीच्या लोकांच्या मेल आयडीची अख्खी यादी उघडते, मी स्वतः बघितलंय, दोन-तीन गावांतली नावं एकाखाली एक, प्रत्येकापुढं ठिपक्यांचा पासवर्ड तयार. ह्याला उपाय एका मिनिटाचा आहे, गिऱ्हाइकाचं काम क्रोमच्या गेस्ट मोडमध्ये करा, विंडो बंद केली की त्यातलं लॉगिन, हिस्टरी, कुकी सगळं जातं. डाउनलोड फोल्डर मात्र जात नाही हे ध्यानात ठेवा. तिथं आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, सहीचा फोटो हे पडलेलं असतं, ते रोज दुकान बंद करताना रिकामं करायचं आणि रिसायकल बिन पण रिकामी करायची. पेन ड्राइव्ह कुणाचाबी लावू नका, आणि विंडोज चोरीची, अँटिव्हायरस चोरीचा असं असेल तर आजच बदला, कारण क्रॅक म्हणून जे डाउनलोड करतो त्याच्यातच टाइप केलेलं सगळं टिपून घेणारे प्रोग्रॅम येतात, मी फॉरमॅटला आलेल्या मशिनींत ते बघतो. अशा मशीनवर गिऱ्हाइकानं कितीही भारी पासवर्ड टाकला तरी तो गेलाच म्हणून समजा.

आणि भिंतीवर चिकटवलेला तो कागद, "प्रिंटसाठी या मेलवर पाठवा". त्या एका मेलमध्ये गेल्या पाच-सात वर्षांतली हजारो लोकांची आधार कार्डं इनबॉक्समध्ये तशीच पडून आहेत. तो मेल दिवसभर पुढच्या कॉम्प्युटरवर उघडा असतो, स्क्रीन गिऱ्हाइकाकडं, आणि त्याचा पासवर्ड दुकानाचं नाव आणि साल. ज्याला आपल्या भागातल्या लोकांच्या नावावर सिम काढायचेत, कर्ज काढायचेत, त्याला ह्याच्यापेक्षा सोपी जागा कुठं मिळणार? प्रिंट झाली की मेल डिलीट करायचा, ट्रॅश पण साफ करायचा, आणि सगळ्यात पहिलं टू स्टेप लावायचं ते ह्या दुकानाच्या मेलला. तुमच्या सीएससीच्या आयडीवर, वॉलेटवर पण चोरांचा डोळा असतोच, तो आयडी ज्या मेलला जोडलाय तो मेल गेला तर तुमची रोजीरोटीच अडकली. २०२३ साली संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा केलाय, त्याचं तत्त्वच हे आहे की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची आणि काम झालं की पुसायची. आणि दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर आयटी कायद्याच्या कलम ६६क मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. उद्या तुमच्याकडनं काम सोडून गेलेल्या पोरानं वहीतला एखादा पासवर्ड वापरून उद्योग केला तर पोलीस पहिल्यांदा दुकानात येणार. वही नसेल तर तुम्ही सुटसुटीत राहता.

आता फसवणुकीचे मेल आणि मेसेज. लोक त्याबद्दल विचारायला पहिल्यांदा तुमच्याकडंच येतात, मुलांना विचारायला लाजतात पण तुम्हाला विचारतात. "तुमचं खातं २४ तासात बंद होईल, इथं क्लिक करा" असा मेल येतो, क्लिक केलं की हुबेहूब गुगलसारखं पान उघडतं, पासवर्ड टाकला की गेला. पानावरचं चित्र काय, ते कुणीबी कॉपी करतं, बघायचं असतं ते वरच्या पट्टीतला पत्ता. गुगलचं लॉगिन accounts डॉट गूगल डॉट कॉम असं असतं, ह्या गूगलच्या आधी टिंब आणि मागं सरळ डॉट कॉम, मध्ये किंवा कॉमच्या मागं टिंब देऊन दुसरं काही घुसडलेलं दिसलं की बंद करून टाकायचं. गिऱ्हाइकाला एवढं एकदा बोट ठेवून दाखवा तुमच्या स्क्रीनवर. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायच्या, फायली, पीएम किसानच्या नावानं, आरटीओ चलनाच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानं. ती फाइल इन्स्टॉल झाली की फोनवर येणारे मेसेज परस्पर चोराला जातात, म्हणजे ओटीपी पण गेला आणि मेलचा कोड पण गेला. सरकारची कुठलीही योजना व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरात प्रिंट करून त्या प्रिंटच्या मेलच्या कागदाशेजारी लावा.

आणि कुणी आलंच की माझा मेल हॅक झालाय, तर नुसता पासवर्ड बदलून पाठवू नका, हे कळकळीनं सांगतो. आपल्याकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं बघितलं मी. बाहेरच्या राज्यातल्या पार्टीशी मेलवर बिलं जायची यायची. मेल हॅक झाल्याचा संशय आला म्हणून त्यांनी लगेच पासवर्ड बदलून घेतला होता, तरी पार्टीला ह्यांच्या नावानं "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल गेला आणि पार्टीची उत्तरं ह्यांना दिसतच नव्हती. मी जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टरचं पान उघडलं तर तिथं चोरानं एक फिल्टर करून ठेवलेला, त्या पार्टीकडनं मेल आला की इनबॉक्सला न येता थेट ट्रॅशमध्ये, आणि फॉरवर्डिंगमध्ये एक अनोळखी पत्ता जोडलेला, म्हणजे पासवर्ड बदलल्यावरसुद्धा प्रत्येक मेलची कॉपी त्याला जात होती. पार्टीनं पैसे टाकायच्या आधी फोन करून विचारलं म्हणून वाचले. त्यामुळं हॅक झालेला मेल हातात आला की फिल्टर बघा, फॉरवर्डिंग बघा, रिकव्हरीचा नंबर आणि मेल बघा, सिक्युरिटीमध्ये कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघून ओळखीची नाहीत ती सगळी साइन आउट करा, आणि कुठल्या ॲपला खात्याची परवानगी दिलीय ते बघून नको ती काढा. मग पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर ह्यातलं काहीही करायच्या आधी १९३० ला फोन लावून द्या, जेवढ्या लवकर फोन तेवढी पुढच्या खात्यात रक्कम अडवायची शक्यता जास्त, आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरून तिचा नंबर लिहून द्या. मेसेज, मेल डिलीट करू देऊ नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. बरीच माणसं लाजेपोटी दोन-तीन दिवस घरात सांगतच नाहीत, त्यांना पहिल्यांदा धीर द्या, रागावू नका.

राहिल्या जुन्या वह्या. त्या पेटवून द्या असं मी म्हणणार नाही, कारण कित्येक लोकांच्या पासवर्डची तेवढी एकच प्रत जगात आहे. आधी ज्यांचे मेल तुमच्या नंबरवर काढलेत त्यांना फोन करा, पुढच्या वेळी तालुक्याला याल तेव्हा स्वतःचा फोन चार्ज करून घेऊन या म्हणावं, त्यांचा नंबर जोडा, तुमचा काढा, पासवर्ड त्यांना बदलू द्या, बॅकअप कोड प्रिंट करून द्या आणि मग वहीतली ती ओळ काळ्या पेनानं खोडा. तुमचा जुना नंबर तोपर्यंत रिचार्ज करून चालू ठेवा, कितीही जिवावर आलं तरी. आणि हे लवकर करायला पाहिजे अजून एका कारणासाठी, दोन वर्षं न वापरलेली खाती गुगल बंद करून पुसून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासनं ते सुरू झालंय. फॉर्मपुरता काढलेला आणि परत कधीच न उघडलेला मेल म्हणजे त्यातली भरती परीक्षेची हॉल तिकिटं, शिष्यवृत्तीच्या पावत्या सगळं जाईल.

कुणाला ह्यात काही अडलं तर माझ्या दुकानात या, विश्रामबागला कुणालाही रिपेअरिंगवाला विचारा. वही घेऊन या, दोन-चार खाती आपण बसून मोकळी करू म्हणजे बाकीची तुमची तुम्हाला येतील, ह्याचे मी पैसे घेणार नाही. गावात केंद्रवाल्यांची मीटिंग असेल तर तिकडं पण येतो, मिरज, तासगाव, पलूस, कुठंही. फक्त बारावीच्या निकालाच्या आत जमवूया, एकदा कॅपची गर्दी चालू झाली की तुम्हाला पण वेळ नसतो आणि मला पण.

तुमचाच,
एक मोबाईल-लॅपटॉप रिपेअरिंगवाला
विश्रामबाग, सांगली